संस्थेचं काम आहे, मग पैसे कसले मागता?

डिझायनर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. सामाजिक संस्थांकडे पैसा नसतो, पत्रक-पोस्टर म्हणजे दोन तासांचं काम, त्यातून नाव होतं, आणि खरा सेवाभाव असलेला डिझायनर त्याचे पैसे मागत नाही, असं त्याचं म्हणणं. आरोग्य आणि पाणलोटाच्या संस्थांसाठी मी बारा वर्षं फ्रीलान्स काम करतो आहे. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी 'दोन तासांचं काम'. जुलाब होणाऱ्या मुलाला घरच्या घरी साखर-मिठाचं पाणी कसं करून द्यायचं, याचं पत्रक मी केलं होतं. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. काढायला खरंच दोन तास लागले. मग आशाताईंबरोबर पाड्यावर जाऊन ते बायकांना दाखवलं. चित्र उठून दिसावं म्हणून मी चमचा शिगोशीग काढला होता. एका आजींनी मीठही तसंच, शीग लावून घेतलं. मीठ जास्त झालं तर ते पाणी बाळाला अपाय करतं. परत येऊन चमच्यावरून बोट फिरवून सपाट केलेली साखर काढली, अर्ध्या चमच्याचं चित्र मोठं केलं. पुन्हा गेलो, पुन्हा बदललं, तिसऱ्या खेपेला जमलं. काम फुकट असलं की पहिली काट लागते ती या हेलपाट्यांना, आणि चुकीचा चमचा हजारो प्रतींत छापून जातो.

'आता कॅनव्हावर कोणीही करतं' हेही त्यात जोडलेलं असतं. कॅनव्हा म्हणजे तयार साच्यांवरून डिझाइन करायचं ऑनलाइन साधन. कॅनव्हा नोंदणीकृत संस्थांना सशुल्क सुविधा मोफत देतं, हे चांगलंच आहे. बैठकीचं निमंत्रण कार्यकर्त्यांनी स्वतःच करावं, मी ते शिकवूनही येतो. पण पाणलोटाच्या एका पुस्तिकेत जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'दऱ्या'चं पानोपानी 'दर्या' झालं होतं. दरीच्या जागी समुद्र. ते ओळीओळीने वाचून काढावं लागलं.

'पैसा नसतो' हे अर्धं खरं आहे. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. छोट्या संस्थांची त्यात खरोखर ओढाताण होते. तरी त्याच पत्रकाच्या कागदाचे, छपाईचे आणि गाडीचे पैसे दिले जातातच. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात 'आयईसी'चा, म्हणजे माहिती, शिक्षण आणि संवादाचा, रकाना असतो, त्यात छपाई लिहितात. डिझाइन लिहीत नाहीत, कारण ते कोणीतरी करून देईल असं आधीच धरलेलं असतं.

'नाव होतं' याबद्दल एवढंच सांगतो: माझं नाव झालं ते फुकट करून देणारा म्हणून, आणि पुढचे फोनही तसल्याच कामांचे आले.

राहिला सेवाभाव. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण १९६० च्या दशकात देशभरच्या भिंतींवर पोचला. तो घडवणारे दीप त्यागी सरकारी खात्यात अधिकारी होते, पगार घेऊन काम करत होते. त्यांच्या कामाचं मोल त्याने कमी होत नाही. आणि फुकट काम परवडतं कोणाला? घरचं भाडं दुसरं कोणी भरत असेल त्यालाच. ज्या तालुक्यांसाठी ही पत्रकं निघतात तिथूनच पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहणारी मुलगी यातून आपोआप बाहेर पडते. खरं तर त्या पाड्यावरची बोली तिला माझ्यापेक्षा चांगली कळते.

मी वर्षाला एक काम विनामूल्य करतो. पण बिल देतोच: वर पूर्ण दर, खाली 'सवलत १०० टक्के'. एका संस्थेच्या ताईंनी ते बिल जपून ठेवलं आणि पुढच्या प्रस्तावात 'आयईसी'च्या रकान्यात छपाईच्या वर एक ओळ वाढवली: डिझाइन आणि गावातली चाचणी.