'इट इज रेनिंग' मधला 'इट' कोण?

परवा क्लासमध्ये एका काकूंनी विचारलं, "मॅडम, इट इज रेनिंगमधला तो इट म्हणजे नक्की कोण हो?" आणि खरं सांगते, क्षणभर माझीच बोलती बंद. कारण आपल्याकडे पाऊस येतो, पडतो, दडी मारतो, रुसतो, सगळं स्वतः करतो आणि इंग्लिशवाल्यांनी पावसाचंच क्रियापद करून टाकलं, मग कर्त्याची जागा रिकामी राहिली म्हणून तिथे इट ठेवला. शेवटी म्हटलं, काकू, पीएमटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, तो रुमाल म्हणजे इट. माणूस कोणी नाही, पण जागा धरलेली. पटलं त्यांना! त्याआधी सगळे 'रेन इज कमिंग' म्हणत होते, अगदी पाहुणा येतोय तसं.

तर मी कोथरूडला आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये संध्याकाळी बिगिनर्सना इंग्लिश शिकवते. पोळ्या करणाऱ्या दोन मावशी, एक रिक्षावाले काका, वॉचमनदादा आणि डिसेंबरमध्ये लेकीकडे टोरांटोला चाललेल्या ह्या काकू. आणि दरवेळी वेदरचा धडा आला की माझं डोकं फिरतं. सनी, क्लाउडी, विंडी, स्नोई, शेजारी गाजराच्या नाकाचा स्नोमॅन. सनीच्या चित्रात सूर्य हसतोय! एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकल्यावर भर दुपारी पोळ्या लाटणाऱ्या मावशींनी त्या सूर्याकडे बघून काय म्हणायचं? आणि उकडतंय ह्या शब्दाचा पुस्तकात पत्ताच नाही. ह्युमिड, स्टिकी हे मी माझं घुसडते.

म्हणून आता मी पुस्तक मिटून सरळ मोबाइलवर हवामान खात्याचा अंदाज उघडते. एका मैत्रिणीचं म्हणणं की बिगिनर्सना हे झेपत नाही, आधी सोपे शब्द द्यावेत. मला नाही पटत. अहो, येलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट हे शब्द त्यांना बातम्यांमुळे माझ्याआधी पाठ आहेत, अर्थ पण माहितीये, फक्त ते इंग्लिश आहे आणि आपल्याला येतंय हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

हेवी रेन आलं तेव्हा तर मजाच झाली. वॉचमनदादा म्हणाले, हेवी म्हणजे ते हेवी डिपॉझिटवालं का? म्हटलं हो, तेच! फक्त इथे हेवीला माप आहे. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे हेवी, 115.6 पासून व्हेरी हेवी आणि 204.5 पासून वर एक्स्ट्रीमली हेवी. मग व्हेरी कुठे लावायचं हे वेगळं शिकवावंच लागलं नाही.

पण माझा लाडका शब्द आयसोलेटेड. कोरोनामुळे सगळ्यांना माहीत, वेगळं ठेवलेला. अंदाजात 'रेन अ‍ॅट आयसोलेटेड प्लेसेस' लिहिलं की मराठीत तुरळक ठिकाणी, म्हणजे त्या भागातल्या 25 टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. रिक्षावाले काका लगेच, "म्हणजे हिंजवडीत कोसळला आणि हडपसर कोरडं राहिलं तरी वेधशाळा खोटी नाही?" नाही ना काका! आयुष्यभर शिमला ऑफिस चौकात पॅसेंजर सोडले त्यांनी, पण ते नाव का पडलं ते ठाऊक नव्हतं. 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून शिमला ऑफिस. (मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं, चौक आपल्याकडेच राहिला.)

मे आणि विल पण इथेच उरकतात. ग्रामरच्या पुस्तकातून शिकवताना घाम निघतो, पण 'इट मे रेन' म्हणजे छत्री घेतलेली बरी आणि 'इट विल रेन' म्हणजे रिक्षाचे पडदे आत्ताच सोडा, एवढं म्हटलं की झालं.

खरा घोळ थंडीचा. टोरांटोवाल्या काकूंनी घोकून घोकून वाक्य केलं, 'आय हॅव अ कोल्ड.' म्हटलं काकू, तुम्हाला थंडी वाजतेय का सर्दी झालीये? हे तिकडे म्हणालात तर जावई स्वेटर द्यायच्या ऐवजी औषध घेऊन येतील. आय अ‍ॅम कोल्ड किंवा आय अ‍ॅम फीलिंग कोल्ड म्हणा. तर मावशी म्हणतात, मग वाजते कुठे गेलं? आता काय सांगू, इंग्लिशमध्ये थंडी वाजत नाही.

आणि उघडीप! आठवडाभर पिरपिर चालल्यावर तासभर पाऊस थांबतो, लख्ख ऊन पडतं आणि अख्खी बिल्डिंग कपडे घेऊन गच्चीवर पळते, ती उघडीप. मी 'द रेन हॅज लेट अप' सांगितलं, वहीत लिहून पण घेतलं सगळ्यांनी, पण मावशींचा चेहरा सांगत होता की त्यात ते गच्चीवर पळणं काही आलं नाही. शिकवणाऱ्यांपैकी कोणी वाचत असेल तर सांगा, तुम्ही काय सांगता? मंगळवारी पुढची बॅच आहे.