चिनी शब्दकोशातला कर्ता पुरुष

ज्याला चिनी येते, त्याला चिनी शब्दकोश वापरायला काहीच अडचण येत नाही. ज्याला येत नाही, त्याने आधी थोडी शिकून मगच कोशाला हात लावावा, अशी एकंदर व्यवस्था आहे. आणि शिकायची कशाच्या आधाराने? तर कोशाच्या.

मी लोहार चाळीत विजेच्या सामानाच्या एका पेढीत हिशेब बघते. माल चीनहून येतो. बिलं इंग्रजीत असतात, पण खोक्यांवर आणि कॅटलॉगात जे काही असतं ते चिनीत. शेठ म्हणाले, "मॅडम, कोणीतरी शिकून घ्या ना." आमच्या पेढीत 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे ठरलेलं आहे. दादरला संध्याकाळचा क्लास लावला. पहिल्याच तासाला बाई म्हणाल्या, "एक चांगला द्विभाषिक कोश घ्या." कुठला? तर "ज्याला जो लागू पडेल तो."

घरी सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, मत तयारच होतं. "कोश म्हणजे मोल्सवर्थ. बाकी सगळ्या वह्या." त्यांच्याकडे या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण आहे आणि त्याला शिवण्याआधी हात धुवावे लागतात. "अगं, अवघड काय त्यात? क काढायचा, मग का, मग कि. मिळतो शब्द."

"अण्णा, चिनीत क नाही."

"मग काय ख पासून सुरू करतात?" थोडं थांबून, "बरं, कोटणीसांनी कुठला कोश नेला होता?"

मराठी घरात चीनचं नाव काढलं की दुसऱ्या मिनिटाला कोटणीस येतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले, 1942 साली तिथेच वारले, आणि मधल्या चार वर्षांत, जखमींवर शस्त्रक्रिया करता करता, चिनी शिकले. त्यामुळे मुलुंडला पंख्याखाली बसलेल्या बाईला सबब म्हणून उरत नाही.

वर्णमालाच नाही, तर कोश लावायचा कशाच्या क्रमाने, हा घोळ तिथल्या पंडितांना फार पूर्वीपासून छळतोय. इ.स. 100 च्या सुमारास शू शेन या विद्वानाने अक्षरांतले सामाईक घटक हेरून 540 गट पाडले. 1716 च्या कांगशी कोशात 47,000 वर अक्षरं, पण गट 214. आता 2009 च्या सरकारी नियमाने 201. प्रगती आहे, नाही असं नाही. या घटकाला म्हणायचं बूशौ. कृती अशी: अक्षराचा बूशौ ओळखा, उरलेल्या रेघा मोजा, सूचीत जा, पानाचा आकडा घ्या, त्या पानावर जा.

मशीद बंदरच्या गोदामात एका खोक्यावर चार अक्षरं होती. क्लासमधला एक जाडजूड कोश मी शनिवार-रविवारसाठी उसना आणला होता. पहिली दोन अक्षरं शिकून झालेली, तिसऱ्यावर चिकटपट्टी, म्हणून चौथं धरलं. त्याचे दोन भाग. दोन्ही भाग स्वतंत्रपणे बूशौ होऊ शकतात आणि दोन्हींच्या रेघा चार-चार. डावा भाग रुंद, भारदस्त, डोक्यावर टिंब. मी त्याच्या गटात गेले, उरलेल्या चार रेघा धरून सगळं पालथं घातलं. पत्ता नाही. एकत्र कुटुंबात पाहुण्याला वाटतं, झोपाळ्यावर बसलेले ते कर्ते. तिजोरीच्या किल्ल्या मात्र माजघरात भलत्याच कुणाच्या कमरेला असतात. इथेही कारभार उजवीकडच्या किडमिड्या भागाकडे होता. सूची, आकडा, पान, आणि एकदाचं अक्षर सापडलं: 'ठेवणे'. तोपर्यंत शेठच्या पुतण्याने फोनचा कॅमेरा खोक्यावर धरला होता. "हळू ठेवा, असं लिहिलंय, मॅडम." खोका उलटा पडला होता आणि त्याच्यावर आणखी तीन.

बरं, रेघा तरी सरळ मोजाव्यात! तोंड या अर्थाचं चिन्ह म्हणजे साधा चौकोन. अण्णांनी चार मोजल्या. चार नाहीत, तीन. वरची आणि उजवीकडची बाजू हात न उचलता काढतात, म्हणून ती एकच. अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा मोजल्या आणि पुन्हा चारच आल्या.

दिसणं सोडून ऐकण्यावर जावं, तर 1958 साली चीनने पिनयिन ही रोमन लिपीतली पद्धत स्वीकारली. ती घडवण्यात चौ योक्वांग यांचा मोठा वाटा. मूळचे बँकेतले, अर्थशास्त्राचे माणूस, 111 वर्षं जगले. (आमच्या पेढीत हिशेबाच्या माणसाला इतकं आयुष्य मिळण्याची शक्यता कमी आहे.) 1996 साली जॉन डीफ्रान्सिस यांचा एबीसी कोश आला. त्यात सगळे शब्द सरळ पिनयिनच्या ए ते झेड क्रमाने आहेत. कानावर पडलेला शब्द शोधायला यासारखा कोश नाही, फक्त तो आधी कानावर नीट पडायला हवा. मुळात वेगवेगळे उच्चार साधारण 400, त्यांवर चार सूर, आणि एकेका उच्चारावर डझनांनी अक्षरं. लोहार चाळीत हातगाडीवाल्यांच्या ओरड्यात व्हिडिओ कॉलवरून सूर चढला की उतरला, हे ज्याला कळलं त्याने गाण्याचा क्लास काढावा.

मग दुकानं. क्लासमधला एक मुलगा म्हणाला, जग जो घेतं तो घ्या: 1953 पासून निघणारा शिनह्वा कोश, 56 कोटींच्या वर प्रती, गिनेस बुकात नाव. खरं आहे. फक्त मूळ आवृत्तीत चिनीचा अर्थ चिनीतच दिलेला असतो. शिवाय तो अक्षरांचा कोश. 'पूर्व' आणि 'पश्चिम' ही अक्षरं शेजारी आली की 'वस्तू' असा अर्थ होतो, हे सुट्या अक्षरांवरून कुणाला कळणार? मुंबईकराला तर त्यातून रेल्वेचा पूल दिसतो.

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मॅथ्यूजचा चिनी-इंग्रजी कोश मिळाला. मूळ शांघायचा, 1931 चा. ही 1943 ची अमेरिकेत छापलेली आवृत्ती. विक्रेता म्हणाला, "ताई, असा पीस परत दिसणार नाही." खरंच देखणा. पण तो पिनयिनच्याही आधीचा, त्यामुळे बेइजिंगमधला 'बेइ' त्यात पी खाली सापडतो. मराठी कानाला हे पटतंसुद्धा, कारण तो उच्चार आपल्या प च्याच जवळ आहे. त्यांचा खरा पी म्हणजे आपला ओठ मिटून म्हटलेला फ. पण 1956 पासून चीनने अक्षरं सोपी करायला घेतली, आणि 'बोलणे' या घटकाच्या सातच्या दोन रेघा झाल्या. मॅथ्यूजमध्ये अजून सातच. मी त्याच्यावरून हात फिरवला आणि परत ठेवला.

फोर्टमधल्या एका दुकानात नवा कोरा इंग्रजी-चिनी कोश निघाला. कागद उत्तम, बांधणी उत्तम. प्रत्येक इंग्रजी शब्दाचा उच्चार दिलेला, चिनी शब्दाचा एकाचाही नाही. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी मुलांसाठीचं पुस्तक! त्यांना आपल्या भाषेचा उच्चार कशाला हवा?

फोनवरचा प्लेको, म्हणजे चिनी कोशाचं ॲप, मी घेतलाच, आणि तो चांगला आहे. त्यावर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये हटकलं, "वहिनी, चिनी ॲपवर बंदी आहे ना?" जून 2020 मध्ये सरकारने 59 ॲपवर बंदी घातली, ती यादी त्यांना अर्धी पाठ आहे. प्लेको अमेरिकन कंपनीचं आहे, हे सांगेपर्यंत चौथा मजला आला. क्लासमध्ये मात्र फोन बंद, हा बाईंचा नियम.

शेवटी मी ओळखीचे शब्दच कागदावर लिहून नेले आणि दुकानात उभी राहून कोशाकोशांत तपासले. उच्चार सुरासकट दिलाय का? सोप्या अक्षराशेजारी जुनं रूप आहे का? वाक्य आहे का? आणि मोजायचा शब्द? चिनीत नुसतं 'एक मासा' म्हणता येत नाही, मध्ये 'तियाओ' घालावा लागतो. तोच नदीला, रस्त्याला आणि विजारीला, पुस्तकाला वेगळा. हे न सांगणारा कोश घेऊ नये. गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, घ्यायचंय की इथेच शिकून जायचंय?"

घेतला. मध्यम आकाराचा, चिनी-इंग्रजी, पर्समध्ये मावणारा. शेठनी व्हाउचरवर सही केली आणि तो 'स्टेशनरी'त टाकायला सांगितला. सध्या मात्र तो अण्णांकडे असतो. सकाळच्या चहाबरोबर ते मोठ्याने रेघा मोजतात. चौकोनाच्या तीन रेघा ही छपाईची चूक आहे, अशी त्यांची खात्री झाली असून त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहायला घेतलंय. पत्ता पुस्तकाच्या शेवटी आहे, चिनीत. तो लावून देण्याचं काम माझ्याकडे आलंय.