येथे आवाज फाडून मिळेल

चांगला आवाज काढायचा असेल तर जगात सोयच सोय आहे. वाईट आवाज, आणि तोही आपल्याला हवा तेवढाच वाईट, काढायचा म्हटलं की माणूस एकटा पडतो. गिटारवाले या प्रकाराला फझ म्हणतात. आमची आई म्हणते, मिक्सरमध्ये चमचा राहिला वाटतं.

तसा या वाईटपणाला इतिहास आहे. १९६०-६१च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग डेस्कचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिन या वादकाची बास गिटार भर गाण्यात गुरगुरू लागली. तो आवाज तसाच ठेवला, गाणं चाललं आणि १९६२ साली हा बिघाड पेटीत भरून 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने बाजारात आला. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल. आपल्याकडे असता तर इंजिनिअरला मेमो मिळाला असता, बास वाजवणाऱ्याला पाणी.

जर्मेनियमचा काळ केव्हाच सरला. पण तशी पेटी घरीच बनवायची म्हटलं, तर आमच्या माळ्यावर अण्णांचा मुका रेडिओ होता, त्याच्या पोटात एसी १२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरची जोडी निघाली. बोटाच्या पेराहून लहान, टोपी घातलेले, तीन पायांचे दोन म्हातारे. मल्टिमीटर लावला तर दोघेही ठणठणीत! पॉट (म्हणजे आवाज कमी-जास्त करायची फिरती बटणं) आणि वायर खुपसायचे जॅक मरून पडलेल्या टेपरेकॉर्डरचे. कॅपॅसिटर तेवढे बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळ घेतले.

"काय बनवताय?" दुकानदाराने विचारलं.

"गिटारचा आवाज खराब करायचं सर्किट."

"मग बनवायचं कशाला? स्वस्तातला स्पीकर देतो की."

खरी परीक्षा सर्किट उभं राहिल्यावर सुरू झाली. पंखा दुरुस्त केला की फिरतो, नाहीतर फिरत नाही. इथे तार छेडली आणि 'फर्रर्र' आलं. आता हा फझ समजायचा की सोल्डरिंगचा कच्चा डाग?

"झालं का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"झालं."

"मग असा का आवाज येतोय?"

"अगं, असाच यायला हवा."

"बरं. आणि बिघडल्यावर कसा येईल?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

त्यात जर्मेनियमला ऊन सोसत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली विजेची गळती साधारण दुप्पट होते. एप्रिलच्या सकाळी आमची पेटी मस्त डरकाळ्या फोडायची आणि दुपारी नुसती कण्हायची. म्हणून बोर्ड फ्रीजमध्ये, श्रीखंडाच्या डब्याशेजारी ठेवला. तिथून बाहेर आलेल्या वायरीवर घरात जी चर्चा झाली ती इथे देत नाही.

मग एका संध्याकाळी तारांवर हात ठेवून गप्प बसलो असताना अॅम्प्लिफायर मराठीत बोलू लागला. पावसाचा अंदाज, कांद्याचे भाव. आकाशवाणी पुणे! कारण सोपं आहे. गिटारची लांब वायर झाली एरियल आणि त्या ट्रान्झिस्टरने ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीतून आवाज वेगळा काढला. रेडिओ मेला, पण नोकरीची सवय सुटली नव्हती. मी वैतागलो. आईने मात्र खुर्ची जवळ ओढली. प्रादेशिक बातम्या संपेपर्यंत मला तार छेडायची बंदी झाली.

उपाय एकच: सर्किट धातूच्या डब्यात घालायचं आणि डबा अर्थला जोडायचा. आईच्या लग्नातला मेथीदाण्यांचा स्टीलचा डबा मागून घेतला. स्टीलला भोक पाडणं हे काम शत्रूवरही येऊ नये. ड्रिलचं पातं घसरत घसरत थेट टिंबाटिंबांनी कोरलेल्या 'शुभविवाहप्रीत्यर्थ, आत्याकडून' या अक्षरांत जाऊन रुतलं. तिथेच स्विच बसवला. गिटारवाले अशा पेटीला पेडल म्हणतात; जगात कुठल्याही पेडलवर एवढं मंगल नाव नसेल.

झाकण लावलं आणि वाजवलं. खर्जात गुरगुर, वर चरचर, मधे एक शब्द नाही. हुबेहूब हवा तसा फाटका आवाज. मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं.

"चांगला चालू झाला होता अण्णांचा रेडिओ," ती म्हणाली, "बिघडवलास."