राणीचं वॉरंट आणि आमचा मोहरीचा डबा

वॉरंट म्हटलं की आपल्याला दारात पोलीस दिसतो. ब्रिटनमधले दुकानदार मात्र ते मिळावं म्हणून वर्षानुवर्षं वाट बघतात आणि मिळालं की फ्रेम करून दुकानात लावतात.

आठवलं ते मोहरीच्या डब्यामुळे. मुळात तो ट्वायनिंग्ज चहाचा, भाच्याने लंडनहून आणलेला. चहा कधीच संपला, डबा राहिला (पत्र्याचा चांगला डबा टाकून द्यायची आपल्याकडे पद्धत नाही). परवा फोडणी करताना त्यावरचं चित्र पहिल्यांदा नीट बघितलं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एकशिंगी घोडा, मध्ये ढाल आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'बाय अपॉइंटमेंट टू हर मॅजेस्टी...', म्हणजे राणीसाहेबांचे नेमलेले पुरवठादार.

इतकी वर्षं मला वाटायचं, हे बक्षीस असणार, नाहीतर पैसे भरून घेतलेला शिक्का. दोन्ही नाही. हे म्हणजेच ते 'रॉयल वॉरंट', राजघराण्यातल्या गिऱ्हाइकाने दिलेलं प्रशस्तिपत्र. गेल्या 7 वर्षांपैकी किमान 5 वर्षं राजघराण्याला माल किंवा सेवा पुरवलेली असली पाहिजे, तरच अर्ज करता येतो. वॉरंट मिळालं म्हणून माल फुकट द्यायचा नसतो, बिल रीतसर लावायचं. बँका, वकील, वर्तमानपत्रं, पब, थिएटर यांना ते मिळतच नाही. केचपवाल्याला आणि चिमणी साफ करणाऱ्याला मिळतं. शिवाय वॉरंट नुसतं कंपनीच्या नावावर नसतं, कंपनीतल्या एका माणसाचं नाव त्यावर असतं आणि जबाबदारी त्याची. हे मला फार आवडलं.

आता आपल्याकडचं सांगतो. माझ्या मेव्हण्याचा लोणची-मसाल्यांचा छोटा धंदा आहे. मागे त्याला फोन आला, "सर, उद्योगरत्न पुरस्कारासाठी तुमची निवड झालीय, फक्त नोंदणी शुल्क भरा." फोन करणाऱ्याने लोणच्याची फोडही चाखलेली नव्हती. मेव्हण्याने विचारलं, "आमचं कोणतं लोणचं आवडलं तुम्हाला?" पलीकडून फोन ठेवला.

असले पुरस्कार एकदा घेतले की जन्माची सोय. वॉरंट मात्र एका वेळी जास्तीत जास्त 5 वर्षांसाठी असतं, मग पुन्हा तपासणी. लंडनच्या हॅरॉड्ससारख्या बड्या दुकानाचंसुद्धा एलिझाबेथ राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी दिलेलं वॉरंट 2000 साली गेलं. कॅडबरीला पहिलं व्हिक्टोरिया राणीने 1854 साली दिलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये चार्ल्स राजाच्या यादीत कॅडबरीचं नावच नव्हतं. 170 वर्षांचं नातं, आणि का तोडलं हे राजवाड्याने सांगितलं नाही. इथे मात्र मला हे सगळं खटकतं. आपला किराणावालासुद्धा उधारी बंद करताना कारण तोंडावर सांगतो!

आणि हो, हा मान फक्त गोऱ्यांच्या दुकानांचा नव्हता. निजामाच्या दरबारचे फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांना 1897 साली व्हिक्टोरिया राणीचं वॉरंट मिळालं. मुंबईतही त्यांचा स्टुडिओ होता. तिकडची लॅंड रोव्हर ही मोटार कंपनीही वॉरंटवाली, आणि 2008 पासून तिची मालकी मुंबईच्या टाटांकडे. म्हणजे राजवाड्याच्या पुरवठादारांत आपलाही माणूस आहे म्हणायचा.

वॉरंट देणारी व्यक्ती गेली की तिने दिलेली वॉरंटंही संपतात. मग राजचिन्ह उतरवायला कंपन्यांना 2 वर्षांची मुदत. एलिझाबेथ राणी 8 सप्टेंबर 2022 ला गेली, म्हणजे मुदत केव्हाच टळली. आमच्या फडताळातल्या डब्यावर सिंह-घोडा अजून तसेच उभे आहेत. बायकोला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "ते असू दे, मोहरी संपत आलीय, येताना पाव किलो आण."