चाळीच्या जिन्यात गुलाबी उजेड आला कुठून?

मंडळी, डोकं तापलंय म्हणून लिहितोय. दुपारच्या खेळाला दादरला एक नवा निओ-न्वार पाहिला, म्हणजे काळोख, गुन्हा नि माणसाची घसरण यांच्या जुन्या न्वार सिनेमांचा आजचा अवतार. नाव घेत नाही. गोष्ट गिरगावातली: पतपेढीतला कारकून, थोडी अफरातफर, मग खून. मध्यंतरानंतर तो रात्री चाळीचा जिना चढतो आणि अख्खा जिना निळा-गुलाबी! धूर इतका की कठडा दिसेना.

चाळीत गुलाबी उजेड असतो का हो? जिन्यावर पिवळा बल्ब, गॅलरीच्या टोकाला फडफडणारी ट्यूब, कुणाच्या देवघरातला लाल झिरोचा दिवा, पडद्याआडून टीव्हीची निळसर उघडझाप. एवढं आयतं समोर असताना बाहेरून निऑन आणायचा?

असा जिना उजळायला मोठा खर्च लागत नाही. वरच्या वळणावर एकच बेबी, म्हणजे शूटिंगचा छोटा दिवा, कठड्याच्या मागून खाली मारलेली. गजांची सावली धारदार हवी तर दिवा लांब न्यायचा आणि पात्राला भिंतीलगत चालवायचं. दिवा कठड्याला चिकटला की सावली विरघळते. खरी चूक होते ती भिंतीमुळे. चाळीचा बोळ अरुंद, भिंती चुन्याच्या, त्या सगळा उजेड परत फेकतात आणि काळोख राखाडी होतो. म्हणून समोरच्या भिंतीवर, फ्रेमबाहेर, काळा कपडा टांगायचा आणि उजेड परतवायला वापरतात तो थर्मोकोल गाडीतच ठेवायचा. चेहऱ्याची अंधारी बाजू उजळ बाजूपेक्षा तीन स्टॉप खाली (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे एकास आठ. डोळ्यात मात्र एक ठिपका हवाच, नाहीतर माणूस मेल्यासारखा दिसतो. धूर सोडायचा तर थोडा, पंखे बंद, खिडक्या लावून, आणि दोन-तीन मिनिटं थांबून. घाई केली की एका शॉटमध्ये दाट, दुसऱ्यात विरळ, आणि एडिटला काही जुळत नाही. शिवाय दाट धूर नि गडद काळोख मोबाइलवर कमी डेटात गेला की काळ्या रंगाचे नुसते चौकोन दिसतात.

मान्य, निऑन आणि धूर चालतो. 'ब्लेड रनर'मध्ये (१९८२) चाललाच की. पण तिथे खिडकीतून फिरत जाणाऱ्या झोताला गोष्टीतच जागा आहे, बाहेर आकाशात जाहिरातींचं विमान फिरतंय. आणि 'चायनाटाउन' (१९७४) तर भर उन्हात घडतो, तरी पोटात गोळा येतो.

कारण या सिनेमांची ओढ उजेडाच्या आधी माणसात असते. साधा माणूस, एक हाव, आणि मग प्रत्येक पायरी तो स्वतःच्या पायांनी उतरतो. 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) आठवा. विमा एजंट, नवऱ्याचा काटा काढू पाहणारी बाई, आणि अपघाती मृत्यूला दुप्पट भरपाई देणारं कलम. कंपनीत दावे तपासणारा माणूस एका प्रश्नाने बेचैन होतो: अपघात विमा असलेल्याचा पाय मोडला, तर त्याने दावा का नाही केला? आपल्याला उत्तर ठाऊक असतं. आपल्या नावाने पॉलिसी काढलीय हेच त्या बिचाऱ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. धंद्यातल्या एका बारीक गोष्टीने फास आवळला जातो. आणि एजंट नि ती बाई खुनाचं बोलायला भेटतात कुठे, तर वाण्याच्या दुकानात, डब्यांच्या मांडण्यांमध्ये. सगळं १०७ मिनिटांत. आज त्याचे आठ भाग करतात.

आता आमचा पतपेढीवाला. पिग्मीच्या पावत्या, वर्षानुवर्षं कुणी न विचारलेली खाती, ऑडिटच्या आधीचा आठवडा... यातलं काही म्हणजे काही नाही! नोटांची बॅग दाखवली की झाली अफरातफर. बाईला लाल साडी आणि सिगारेट दिली, तिला काय हवंय ते कुणी विचारलंच नाही. शेवटी धक्का म्हणून लहानपणीचा मार. अरे, बालपणाने त्याला ढकलत नेलं तर त्याने निवडलं काय?

आपल्याकडे हे जमत नाही असं नाही. 'पाठलाग' (१९६४) राजा परांजप्यांनी मराठीत केला, त्यावरून पुढे हिंदीत 'मेरा साया' झाला. आणि 'अंधाधुन'मध्ये (२०१८) समोर प्रेत हलवलं जातंय आणि आंधळ्याचं सोंग घेतलेल्याला पियानो वाजवतच राहावं लागतं. उजेड स्वच्छ, घर पुण्यातलं, आणि आपला श्वास अडकलेला.

आपल्या शहराला उजेडाचं वेड आहे हो. २०१५ साली मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा केवढा गहजब झाला होता! त्या पिवळ्या दिव्याखाली लाल कपडा मळकट तपकिरी दिसायचा, माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उडाल्यासारखं वाटायचं. ती रात्र आता खऱ्या रस्त्यावर मिळणं अवघड झालंय, हे दिग्दर्शकांच्या बाजूने बोलायला हवं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, तर त्याच जिन्याबद्दल एक सांगतो. वर पोहोचल्यावर कारकून खोलीच्या दाराशी थांबतो. आत ज्याला मारायचंय तो झोपलाय. खिशात सुरा. आणि हा सवयीने चपला काढतो, वाकून जोडीने भिंतीशी लावतो. चारेक सेकंद. तेवढ्यापुरता गुलाबी दिवा फ्रेमबाहेर राहिलाय, चपलांवर फक्त बल्बचा पिवळा. कुणाला सुचलं असेल, नटाला की सहायकाला, देव जाणे. पुढचाच शॉट परत धुराचा.

जाणार असाल तर मध्यंतरानंतरची पहिली वीस मिनिटं चुकवू नका. चपला तिथे आहेत.