वाणात आलेलं कूपन

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोल्हापूरच्या राजारामपुरीत यंदा वाण काय, तर ‘मोफत स्किन अॅनालिसिस’चं कूपन! प्लास्टिकच्या डब्यांनी कपाट भरलंच होतं म्हणा. तेव्हा वैनी, जावाच. पथ्यं तेवढी पाळा.

क्रीम-सनस्क्रीन पुसून जाऊ नका. तपासणीच्या निळसर दिव्याखाली टॉवेलचा धागासुद्धा चमकतो, आणि दिवसाउजेडी कुणाला न दिसलेला वांग काळाकुट्ट उठतो. असल्या उजेडात तुम्हाला कोण बघतंय, हे तिथं विचारायचं नाही. समोरची मुलगी पॅकेजचं कार्ड धरून उभी असते.

नाकाचा निकाल सेल्फीवरच लावा. फोन फूटभर अंतरावर असला की नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद येतं. फोन लांब धरायला पैसे पडत नाहीत, म्हणून ते नको. नाकाच्या ऑपरेशननंतर शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष लागतं. तोवर तुम्ही आणि आरसा.

स्टेरॉइडची ट्यूब गोरेपणासाठी खुशाल महिनोन्महिने चोळा. कातडी पातळ होऊन लाली येईल, तिला ग्लो म्हणा.

ओठांत फिलर भरताना ‘हायल्युरोनिडेस ठेवलंय का’ असं विचारू नका. फिलरनं रक्तवाहिनी बुजली की तो विरघळवायला तेच औषध लागतं, पण पार्लरच्या मागच्या खोलीत असल्या चौकश्या शोभत नाहीत.

बोटॉक्स तर घ्याच. दोन आठवड्यांत कपाळ इस्त्री केल्यासारखं. तीन-चार महिन्यांत स्नायू पुन्हा हलायला लागतो. आठी येते ती जुनीच, पण मधे सपाट कपाळाची सवय लागलेली, त्यामुळं स्वतःचाच चेहरा बिघडल्यासारखा वाटतो. पुन्हा सुई. कपाळ झालं की डोळ्यांखालचा खड्डा दिसतो, तो भरला की हनुवटी. एखादीचा डाग मोहरीएवढा, दुसऱ्याला बोट ठेवून दाखवावा लागतो, आणि ती तासन्‌तास आरशापुढं. ग्रुप फोटोत मागं सरकते, बारशाला जायचं टाळते, घरातसुद्धा तोंडावर ओढणी. तिला तुम्ही काय देता? कूपन! अहो, बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात याला. मंत्रचळाच्या (ओसीडीच्या) जवळचा आजार आहे हा. सीबीटीनं, म्हणजे विचार-वागण्याला वळण लावणाऱ्या मानसोपचारानं, आणि गोळ्यांनी आटोक्यात येतो. सुईनं तो बहुतेक वेळा हटत नाही, कधी खुपणारी जागा तेवढी बदलते. सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेऊन मानसोपचाराचा केसपेपर काढा तिचा. आणि आधी ‘काय गं, किती काळवंडलीस’ म्हणणं बंद करा.

कूपन वाटणाऱ्यांनो, बाईला घरी बोलावून, कुंकू लावता लावता तिच्या सुरकुत्या मोजायच्या? लाज वाटू द्या जरा. मार्केट यार्डातला गूळ काय संपला होता?