पाटल्या, तेजाब आणि अडीच हजारांची किमया

सूनबाईने फी भरून टाकली होती म्हणून त्या कार्यशाळेला गेले, हे आधीच सांगते. इंदूरच्या विजयनगरातलं एक हॉटेल, अडीच हजार रुपये, चार तास, मध्ये चहा आणि समोसा. विषय होता किमया, म्हणजे हलक्या धातूचं सोनं करू पाहणारी जुनी विद्या, आणि हर्मिस नावाच्या दंतकथेतल्या ज्ञानी पुरुषाच्या नावाने चालणारं हर्मेटिक तत्त्वज्ञान, यांच्या वाटेने स्वतःत बदल घडवणे. एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला कोणी किमया शिकवायला बोलावलं, तर ती वही-पेन घेऊन पहिल्या रांगेत बसणारच.

शिकवणारा मुलगा गोड बोलत होता. पडद्यावर सात वैश्विक नियम आले. सगळं मनोमय आहे, सगळं कंप पावतं, जसं वर तसं खाली. तळाशी ओळ होती: इजिप्तचं पाच हजार वर्षांपूर्वीचं ज्ञान. मी हात वर केला. (सवय.) म्हटलं, बाळा, ही सात नियमांची यादी 1908 साली अमेरिकेत निघालेल्या 'द किबॅलियन' या पुस्तकातली आहे. ते लिहिणारा बहुधा विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन, जो 'योगी रामचरक' या नावाने योगावरही पुस्तकं लिहायचा. हर्मिसच्या नावावरचे जुने ग्रीक ग्रंथ वेगळे. फिचीनो नावाच्या इटालियन विद्वानाने 1463 मध्ये ते लॅटिनमध्ये आणले, तेव्हा सगळ्यांना वाटलं हे पार मोझेसच्या काळातलं. 1614 मध्ये कॅसोबाँ नावाच्या पंडिताने भाषेवरून आणि मजकुरावरून दाखवून दिलं की ते इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले आहेत.

मुलगा हसून म्हणाला, "मॅम, सोर्स नाही, एनर्जी महत्त्वाची." मी खाली बसले.

ज्ञानाच्या वयाचं एवढं काही नाही हो. आपणही कुठल्याही गोष्टीला हजारो वर्षं चिकटवतोच. आणि 'जसं वर तसं खाली' ऐकून शेजारची बाई वहीत उतरवून घेत होती, तेव्हा सांगावंसं वाटलं की तुमच्या आजीने हे 'पिंडी ते ब्रह्मांडी' म्हणून फुकटात सांगितलं असेल. मला खटकलं ते दुसरंच. चार तासांत भट्टीचं नाव निघालं नाही. किमयेतली ती पहिली 'काळी अवस्था' आम्ही चहाच्या आधी उरकली: मनातला राग कागदावर लिहायचा, कागद फाडायचा, टाळ्या.

खऱ्या किमयागारांची आयुष्यं धुरात गेली. हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांटने 1669 मध्ये सोनं मिळेल म्हणून पिंपंच्या पिंपं लघवी आटवली आणि हाती आला अंधारात चमकणारा फॉस्फरस. न्यूटनने किमयेवर लाखो शब्द लिहून ठेवले, पण त्याने धातू वितळवायच्या मुशीही तापवल्या. आपल्या रसशास्त्रात, म्हणजे पाऱ्याच्या जुन्या विद्येत, पाऱ्यावर अठरा संस्कार सांगितलेत. त्यातल्या मूर्च्छनात पारा आपलं चंचल रूप हरवतो आणि पुढच्या उत्थापनात पुन्हा उठतो. ही नावं मला दहावीच्या पुस्तकातल्या कुठल्याही शब्दापेक्षा आवडतात. रसार्णव या त्यातल्याच जुन्या ग्रंथात म्हटलंय, 'यथा लोहे तथा देहे'. पाऱ्याचा प्रयोग आधी धातूवर करून पाहायचा, मग देहावर. मानसशास्त्रज्ञ युंगने 1944 च्या त्याच्या ग्रंथात म्हटलं की ही मंडळी नकळत आपलंच मन मुशीत बघत होती. असेलही. पण मूस होती ना समोर! ती काढून घेतली की उरतं पोस्टर.

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच आईच्या पाटल्या आटवायच्या निघाल्या. नातीच्या कानातलं करायचं होतं. सोनाराने सराफ्यातल्याच एका गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्याकडे, पाठवलं. जिना चढून वर, दहा बाय दहाची खोली, भिंती धुराने काळ्या. आणि गलाईवाला बोलायला लागला तर ऐन सांगलीकडचं मराठी! विट्याकडची ही माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत हे ऐकून होते. तीस वर्षं इथे राहून ह्यांनी इंदुरी बोलीतला एक 'भिया' (भाऊ) तेवढा उचललाय.

त्याने पाटल्या मुशीत टाकल्या आणि वर चांदी टाकली. थोडीथोडकी नव्हे, सोन्याच्या जवळजवळ तिप्पट. सूनबाई उभीच राहिली. "अहो, शुद्ध करायचंय ना? मग हे काय मिसळताय?"

"तसंच करावं लागतंय ताई. चांदी कमी असली की तेजाब, आपलं अ‍ॅसिड, आत शिरत न्हाई."

मी वर्गात हे शिकवलं आहे, पण दिसलं त्या दिवशी. सोनं जास्त असेल तर ते आतल्या हिणाला वेढून बसतं, नायट्रिक अ‍ॅसिड वरच्यावर चाटून परत येतं. सोनं चौथाईवर आणलं की चांदी विरघळून बाहेर पडते आणि सोन्याच्या अंगात वाटा मोकळ्या होतात, हीण त्यांतून निघून जातं. हे जुनं ज्ञान आहे आणि याला खरोखरच वय आहे.

आता माझं सांगते. पहिली अठरा वर्षं मी फक्त 'अ' तुकडी शिकवली. निकाल शंभर टक्के, पट्टी हातात, बोलणं तिखट. स्वतःला चोख समजायचे. मग नव्या मुख्याध्यापकांनी 'क' तुकडी माझ्या गळ्यात मारली. दोनदा नापास झालेली, सकाळी पोह्याच्या गाडीवर काम करून येणारी मुलं. मी घरी येऊन रडले होते, अपमान वाटला होता. तोपर्यंत मी स्वभाव बदलायला काय काय केलं होतं! मौन, गुरुवार, डायरीत संकल्प. सगळं वरच्यावर चाटून परत गेलेलं. त्या पोरांमुळे पट्टी कधी सुटली ते मलाही कळलं नाही. एकाला संयुजा (व्हॅलन्सी) समजवायला मी अकरा दिवस घेतले. अकराव्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, आप थक गए होंगे." त्या दिवसानंतरच्या बाईला घरचेही ओळखेनात. सासूबाईंनी तर बीपी तपासून घ्यायला सांगितलं.

सूनबाईला हे कधी सांगितलं नव्हतं. त्या खोलीत, तांबडा धूर नळीतून वर जात असताना सांगितलं. ती काही बोलली नाही, पण तिने समोरचा पंखा माझ्याकडे वळवला.

संध्याकाळी परत गेलो तर गलाईवाल्याने चिनी मातीचं भांडं पुढे केलं. तळाशी तपकिरी भुकटी, चहाच्या चोथ्यासारखी. सूनबाईचा चेहरा उतरला. "हे आपलं सोनं?"

"सगळ्यात चोख हेच, ताई. आत्ता दिसाया असं दिसतंय. ताव दिल्यावर बघा."

टाकणखार टाकून त्याने फुंकणीची ज्योत धरली. भुकटी आधी लाल झाली, मग आक्रसली, मग एक थेंब गोल फिरायला लागला. कोपऱ्यातल्या बादलीत चांदी उतरवायला तांब्याची पट्टी बुडवली होती. आमच्यात मिसळलेली ती चांदी तशीच्या तशी उद्या दुसऱ्या कुणाच्या पाटलीत जाणार.

वजन अंदाजापेक्षा पावणेदोन ग्रॅम कमी भरलं. आईला त्या काळच्या सोनाराने डाग, म्हणजे सांधे जोडायचं हीण, जास्त लावून दिला होता म्हणायचा. खाली उतरलो तेव्हा सराफ दुकानांची शटरं ओढत होते आणि त्याच ओट्यांवर भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढत होत्या. सूनबाई म्हणाली, "आई, कार्यशाळेचा दुसरा भाग आहे पुढच्या रविवारी, निम्म्या फीत." मी म्हटलं, आधी ते तळलेल्या कंदाचे गराडू घे, गरम आहेत तोवर.